गंगेला कापराचा वास

साळूबाई मरणार हे पहिल्यांदा ठरवलं रंगुबाईनं, आणि रंगुबाईनं एकदा ठरवलं की वाबळे वस्तीवर त्याला अपील नव्हतं.

वस्तीवर कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं की डॉक्टरच्या आधी रंगुबाईला बोलावणं जायचं. ती यायची, चपला दाराशी काढायची, पडलेल्या माणसाचे पायाचे अंगठे चेपायची, कानाची पाळी ओढायची, नाकाच्या शेंड्याकडं डोळे बारीक करून बघायची आणि वेळ सांगायची. नुसता दिवस नव्हे, वेळ. "उद्या, डेअरीला दूध घालायच्या टायमाला," असं. तिनं सांगितल्या वेळेला आजवर चौदा माणसं गेली होती. पंधरावा एक होता, तो ऐनवेळी नगरच्या दवाखान्यात गेला आणि बरा होऊन मोटारसायकलवर परत आला. त्याच्याशी रंगुबाई चार वर्षं झाली बोलत नव्हती.

तर अशा ह्या बाईला छगननं आपल्या आईसाठी बोलावलं, आणि तिथंच सगळ्याचं वाट्टोळं झालं. छगनची बायको ज्योती त्याला सकाळपासून सांगत होती की आत्यांना काही झालेलं नाही. झालं होतं ते इतकंच, की शेजारच्या बारशाला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या साळूबाईनं चार पुरणपोळ्या खाल्ल्या, वर दोन वाट्या आमटी ओरपली आणि पाचवी पोळी "पोरगी एवढी आग्रह करती" म्हणून घेतली. दोन दिवस पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी पोट थांबलं, पण अंगात त्राण राहिलं नाही.

"आता माझं काय खरं न्हाई," साळूबाई म्हणाली. हे ती दर सहा महिन्यांनी म्हणायची. ज्योती एकोणीस वर्षं ऐकत आली होती. त्या एकोणीस वर्षांत सासूसुनेचं भांडण झालं नाही असा दिवस शोधून सापडला नसता. भाजीत मीठ कमी, म्हशीला पेंड जास्त, वाळवण उशिरा काढलं, काहीही पुरायचं. पण त्या दिवशी ज्योतीनं मुद्दाम म्हशीला दोन घमेली पेंड जास्त घातली, साळूबाईला दिसेल अशी, आणि साळूबाई काही बोलली नाही. तेव्हा मात्र ज्योती हबकली. ह्या बाईशिवाय घर कसं असेल हा विचार तिनं कधी केला नव्हता, आणि तिला तो करायचाही नव्हता.

रंगुबाईनं अंगठे चेपले, पाळी ओढली, नाक बघितलं.

"उद्या चार वाजता," ती म्हणाली. "पाव्हण्यांना कळवा. आन गंगा आना."

आता ह्या गंगेची हकिकत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. छगनच्या एका दोस्तानं काशीवरून तांब्याचा बंद गडू आणला होता, तो डाख दिलेल्या सांध्यातून पाझरायला लागला. निम्मी गंगा देवघराच्या फळीनं पिऊन टाकली. उरलेली ज्योतीनं डोळ्यात घालायच्या औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरली. बाटली गरम पाण्यानं धुतली, वरचा कागद खरवडून काढला, ओळखू यावी म्हणून कुंकवाचं बोट लावलं. नेमकी हीच बाटली का? तर सासरा गेला तेव्हा त्याच्या तोंडात वाटीनं गंगा ओतली होती आणि त्याला असा ठसका लागला होता, की म्हातारा आजारानं गेला का गंगेनं, हे अजून वस्तीत कुणी छातीठोक सांगत नाही. ह्या बाटलीतून कसा मोजून थेंब पडतो. ज्योतीचं डोकं चालायचं, त्यात खोट नव्हती.

खोट होती ती छगनच्या भक्तीत. छगनचं उसाचं गुऱ्हाळ होतं. चुलवणाचा धूर खाऊन त्याचे डोळे बारा महिने टोमॅटोसारखे लाल असायचे, म्हणून लाली घालवणाऱ्या औषधाची बाटली तो गावातल्या वाल्मिकच्या मेडिकलमधून कायम आणायचा. त्याला चिठ्ठी लागत नाही, मागितलं की मिळतं. ही बाटलीही तो देवघरातच ठेवायचा, कारण त्या घरात देवघर सोडून कुठंही ठेवलेली वस्तू पुन्हा सापडत नसे. आणि रोज सकाळी पूजेला बसला की डोळे मिटून, तोंडानं काहीतरी पुटपुटत, देवघरात हाताला लागेल त्याला तो हळदकुंकू वाहायचा. देवांना तर वाहायचाच, पण काडेपेटीला, उदबत्तीच्या पुड्याला, मोटारीच्या फ्यूजला, चष्म्याच्या डबीलासुद्धा. गुळाचे चिकट हात आणि वर महिनाभराचं कुंकू, असं होऊन त्या औषधाच्या बाटलीवरचा कागद कधीच गळून गेला होता. म्हणजे देवघरात एकासारख्या एक दोन बाटल्या, दोन्हींच्या कपाळाला कुंकू.

"आन रे लवकर," रंगुबाई म्हणाली. छगननं हात घातला आणि एक आणली.

आधी रंगुबाईनं चार थेंब घातले. मग छगननं रडत रडत चार. मग शेजारणींनी. मरत्या माणसाला पाणी पाजणं म्हणजे पुण्य, ते कोण सोडतो? साळूबाईनं तोंड वाकडं केलं.

"कडू हाय गं," ती म्हणाली.

"मरत्याला साखर बी कडू लागती," रंगुबाई म्हणाली. मग तिनं बाटली नाकाशी नेली आणि तिचा चेहराच बदलला. "अगं, वास बगा. कापराचा वास येतोय गंगेला."

बाटली सगळ्यांच्या नाकाखालून फिरली. खरंच कापराचा वास येत होता. शेजारणींनी हात जोडले. ज्योती तेवढ्यात चहाचं आधण ठेवायला आत गेली होती, तिच्या नाकापर्यंत बाटली काही पोचली नाही.

पाऊण तासानं साळूबाईचे डोळे जड झाले. हाक मारली तर हूं म्हणायची आणि पुन्हा डुलकीत जायची. हात गार पडले. रंगुबाईनं मनगट धरलं आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजले.

"उतरती लागली," ती म्हणाली. त्यात दुःख होतं, पण थोडं समाधानही होतं, खोटं कशाला बोला.

छगननं भावकीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पारनेरकडची माणसं निघाली, कर्जतची निघाली, पुण्याला कंपनीत असलेली दोन पोरं रजा टाकून निघाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर साळूबाई उशीला टेकून बसलेली.

"च्या दे," ती ज्योतीला म्हणाली. "आन खारी हाय का?"

ज्योतीचा जीव भांड्यात पडला. ती धावत चूल पेटवायला गेली, गॅस आहे हेसुद्धा विसरली. पण तिचा चहा होईपर्यंत पाव्हण्यांच्या पहिल्या दोन जिपा दारात लागल्या होत्या.

"उठून बसली म्हनं?" पारनेरची एक जाऊ जरा नाराजीनंच म्हणाली. तेवढ्या लांबून आली होती बिचारी.

"दिवा विझायच्या आधी मोठा व्हतो," रंगुबाईनं समजूत घातली. "घ्या, पाजून घ्या. पुन्हा येळ घावायची न्हाई."

झालं. रांग लागली. चुलत दीर, त्यांच्या बायका, नणंदा, नणंदांचे जावई. दोन-दोन, चार-चार थेंब. एका जावयानं तर नाव सांगून पाजलं, "मी कर्जतचा, मामी, वळखलं का?" साळूबाई प्रत्येकाकडं बघायची, ओठ उघडायची, गिळायची. चहा निवून गेला. दहा वाजेपर्यंत ती पुन्हा आडवी झाली, आणि ह्या खेपेला हाकेला हूंसुद्धा येईना. कपाळाला हात लावला तर माठाला लावल्यासारखा गार.

"ज्योते, तू न्हाई पाजलंस अजून," कुणीतरी म्हणालं.

"भात लागंल," ज्योती म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. भात चुलीवर नव्हताच. तिला ते पाणी पाजायचं नव्हतं. पाजलं की झालं, तू जा म्हणून सांगितल्यासारखंच की ते. ती ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि स्वतःलाच शिव्या देत होती. कुणी आलं की कांदा चिरायला घ्यायची. त्या दिवशी घरात सव्वा किलो कांदा विनाकारण चिरला गेला.

बाहेर तयारी जोरात. छगनच्या गुऱ्हाळाच्या टेम्पोतून बांबू आले, गवत आलं, मडकं आलं. मंडपवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, चारचं नक्की असेल तर तीनला येतो. रंगुबाई म्हणाली, नक्की आहे.

दुपारी तीनला साळूबाईचा धाकटा भाऊ रामहरी पाथर्डीवरून मोटारसायकलवर आला. तो सात वर्षांनी ह्या दारात येत होता. छगनच्या थोरल्या पुतण्याच्या लग्नात त्याला फेटा बांधायचा राहिला, तेवढ्यावरून त्यानं बहिणीचं तोंड बघणं सोडलं होतं. आता मात्र तो उंबऱ्यापासूनच हंबरडा फोडत आला. वाटेतली धूळ आणि रडणं, दोन्ही मिळून डोळे असे लाल, की छगनचेही फिके वाटावेत. त्यानं बहिणीचा हात हातात घेतला, सहा थेंब तिच्या ओठांत सोडले. साळूबाईनं डोळे न उघडताच गिळले. मग आणखी दोन थेंब रामहरीनं उजव्या तळहातावर घेतले, जिभेला लावले, आणि आपण तीर्थ घेतल्यावर करतो तसा तो ओला हात डोळ्याला लावला. डाव्या हातात बाटली होती. म्हणून एकाच डोळ्याला लागला, उजव्या.

ज्योती त्याला पाणी द्यायला गेली तेव्हा पाचसात मिनिटं झाली असतील. तिनं तांब्या पुढं केला आणि तिथंच थांबली. मामांचा डावा डोळा रक्तासारखा लाल होता आणि उजवा दुधासारखा पांढरा.

"मामा, डोळ्याला काय झालं?"

"गार वाटतंय बग," रामहरी म्हणाला. "ह्या एका डोळ्याला लई निवाल्यागत झालंय. गंगाच ती."

ज्योतीनं त्याच्या हातातली बाटली जवळजवळ हिसकावली आणि हुंगली. कापूर. हा वास तिला पाठ होता. रोज सकाळी गुऱ्हाळावर जायच्या आधी छगनच्या गालावर ओघळलेल्या औषधाचा हा वास. आणि गेले आठ दिवस तोच छगन कुरकुरत होता, "ह्या खेपंच्या बाटलीत दम न्हाई, नुसतं पानी वाटतंय. वाल्मिकनं फसवलं." ती देवघराकडं धावली. दुसरी बाटली उघडली, हुंगली. कसलाच वास नाही. जिभेवर थेंब घेतला. नुसतं पाणी.

म्हणजे आठ दिवस नवरा डोळ्यात काशीची गंगा घालत होता, आणि सासूला सगळी भावकी मिळून डोळ्याचं औषध पाजत होती. ज्योती खालीच बसली. बाटली दहा एमएलची. तिनं उजेडात धरून बघितली. निम्म्याच्या वर संपली होती. आणि गंगा बाटलीत भरायची अक्कल कुणाची, तर तिचीच.

तिनं वाल्मिकला फोन लावला.

"पोटात?" वाल्मिक म्हणाला. "कुनाच्या?"

"आत्यांच्या. कालपास्नं. निम्मी बाटली."

"डोळ्याचंच तर हाय वहिनी, काय व्हतंय त्यानं. थांबा, कागद बगतो." फोनवर पेट्या सरकल्याचा आवाज आला. वाल्मिक पुटपुटत वाचायला लागला. मग त्याचा आवाज बारीक झाला. "वहिनी, महिन्याला शंभर बाटल्या इकतो मी, आन हे आज पयल्यांदा वाचतोय. गिळायचं न्हाई म्हनतंय. गिळलं तर गुंगी येती, अंग गार पडतं, काळजाचे ठोके कमी व्हतात, मानूस बेशुद्ध पडतं. म्हाताऱ्या मानसाला आन ल्हान लेकराला जास्त धोका. ताबडतोब दवाखाना. उलटी काढू नका. बाटली संगं घ्या. निघा."

ज्योती बाहेर आली. तिनं भर माणसांत सांगितलं. ही गंगा नाही, हे डोळ्याचं औषध आहे, आत्या मरत नाहीत, आपण त्यांना मारतोय.

रंगुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दुःखानं येड लागतं सुनंला," ती म्हणाली. "भांडली असंल शेवटच्या दिवशी, आता जिवाला लागलंय. चार वाजत आल्यात. म्हातारीला घरात मरू द्या सुखानं."

"औषधाला कधी कापराचा वास येतो व्हय?" पारनेरची जाऊ म्हणाली.

"हे बगा तरी," ज्योती म्हणाली. तिनं रामहरीला धरून उजेडात उभं केलं. "हा डोळा बगा आन हा बगा. डोळ्याचं औषध हाय म्हनून तर डोळा पांढरा झाला." आणि पुरावा पक्का व्हावा म्हणून तिनं त्याच्या डाव्या डोळ्यात दोन थेंब सोडले. सगळी भावकी गुडघ्यावर हात टेकून रामहरीच्या डोळ्याकडं बघत बसली. मुंबईची मॅच बघावी तशी. तीन मिनिटं गेली, चार गेली. डोळा हळूहळू गुलाबी झाला, मग पांढरा झाला.

"बगितलं?" ज्योती म्हणाली.

"बगितलं," कर्जतचा जावई म्हणाला आणि त्यानं चटकन पायातले मोजे काढले, हात जोडले. "साक्षात हाय. माझ्या बी डोळ्यात घाला वहिनी, दोन वर्सं झाली खाज हाय."

त्याच्या मागं त्याची बायको उभी राहिली. तिच्या मागं नणंद. तिच्यामागं ज्याला मोतीबिंदू होता तो चुलत दीर, मग ज्याला काहीच नव्हतं तो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण शहाणा सापडला तर ना. ज्योतीनं कपाळावर हात मारून घेतला. ही माणसं जेवढं पटवावं तेवढी जास्त हात जोडत होती. आत आत्यांचा श्वास किती लांब लांब पडत होता ते तिला दारातून दिसत होतं.

मग तिच्या डोक्यात आलं, हात जोडतायत तर जोडू देत. तिनं आतली दुसरी बाटली आणली, पाण्याची, ती रामहरीच्या हातात ठेवली. औषधाची कनवटीला लावली.

"मामा, तुमीच घाला समद्यांना. तुमच्या हाताला गुन आलाय. एकेकाला सावकाश, डोळं मिटून पाच मिन्टं बसवा. तोंडात मातुर कुनाच्या घालू नका."

रामहरी छाती काढून ओट्यावर बसला. सात वर्षांपूर्वी राहिलेला मान त्याला आज मिळत होता. माणसं ओळीनं डोळे मिटून मांडी घालून बसायला लागली.

ज्योतीनं छगनला दंडाला धरून मागच्या दारी नेलं.

"तुमी आठ दिस डोळ्यात काय घालताय?"

"औषध," छगन म्हणाला.

"मग डोळं लाल का?"

छगन विचार करायला लागला. त्याला विचार करायला वेळ लागायचा, आणि ज्योतीकडं वेळ नव्हता.

"आई पायजे का न्हाई तुमाला?" तिनं विचारलं.

"पायजे," छगन म्हणाला आणि त्याचे ते लाल डोळे भरून आले.

दोघांनी मिळून साळूबाईला गोधडीसकट उचललं. अडतीस किलोचं शरीर, पण सुटलेलं माणूस जड लागतं. टेम्पोत बांबू, गवत आणि मडकं तसंच होतं, ते काढत बसायला सवड नव्हती. गवतावरच तिला कुशीवर निजवलं, ज्योती डोकं मांडीवर घेऊन बसली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा फक्त रंगुबाईनं एक डोळा उघडला. ती धावत आली.

"आगं पन चार वाजायला धा मिन्टं हायत," ती टेम्पोच्या मागं ओरडली.

कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. छगननं हॉर्नवरचा हात काढला नाही. मागं बांबू बघून ट्रॅक्टरवाले बाजूला व्हायचे, टोप्या काढायचे. ज्योती सारखी बोलत होती. काय बोलत होती ते तिचं तिला माहीत नव्हतं. म्हशीला पेंड जास्त घातली, आत्या. उद्या बी घालनार हाय. उठा की, बोला की काहीतरी. छातीवर कान लावला की ठोका यायचा, मग इतका वेळ जायचा की तिचा स्वतःचा थांबायचा, मग पुढचा यायचा.

श्रीगोंद्याच्या दवाखान्याच्या दारात वॉचमननं टेम्पो बघितला, बांबू बघितले, मडकं बघितलं.

"मागच्या गेटनं घ्या," तो म्हणाला. "बॉडी तिकडं असती."

"जित्ती हाय," ज्योती म्हणाली.

"मग हे कशाला आनलं?" वॉचमननं मडक्याकडं बोट दाखवलं. त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

डॉक्टर निवेदिता म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, दाब बघितला आणि त्या पटपट सिस्टरना काहीबाही सांगायला लागल्या. काय घेतलं आजींनी, असं विचारल्यावर छगन "गंगा" म्हणाला. ज्योतीनं कनवटीची बाटली काढून पुढं ठेवली. डॉक्टरांनी कुंकू खरवडलं, तळाशी कोरलेली बारीक अक्षरं वाचली, वास घेतला.

"कुणी पाजलं हे?"

"समद्यांनी," ज्योती म्हणाली. "तीस-पस्तीस मानसं असतील."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं नीट बघितलं. तिनं चेष्टा केलेली नाही हे पटल्यावर त्या सलाईन लावता लावता म्हणाल्या, "डोळ्यात हे बरोबर काम करतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि लाली जाते. पोटातून रक्तात गेलं की मेंदूला गुंगी आणतं. ठोके सत्तरच्या आसपास हवेत, ह्यांचे चौतीस आहेत. अजून एक पाहुणा आला असता तर कठीण होतं." मग त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि छातीला वायरी जोडल्या. "उद्या सकाळपर्यंत इथून हलायचं नाही. उतारा असा नाही ह्याला, अंगातून निघून जाईपर्यंत सांभाळायचं."

ज्योती हलली नाही. पडद्यावरचा आकडा बघत राहिली. चौतीस, छत्तीस, पस्तीस. तिला शाळेत गणित कधी जमलं नव्हतं, पण त्या रात्री एक एक आकडा वाढला की ती देवाचं नाव घ्यायची. रंगुबाईचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा तिनं विचारलं, "किती वाजता?" दुसऱ्यांदा नुसता ज्योतीचा आवाज ऐकला आणि फोन ठेवून दिला. 

पहाटे आकडा पासष्टावर गेला. उजाडताना साळूबाईनं डोळे उघडले, छताकडं बघितलं, वायरींकडं बघितलं, मग ज्योतीकडं.

"पाटल्या कुठं काढल्यास माझ्या?" ती म्हणाली.

"हायत पिशवीत," ज्योती म्हणाली आणि रडायला लागली. मग हुंदके देत तिनं सगळं सांगून टाकलं. बाटली, कुंकू, कापूर, मामांचा डोळा. "माझीच चूक हाय आत्या. मीच ती गंगा तसल्या बाटलीत भरली."

साळूबाई ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला.

"ती गंगा न्हाई ते मला पयल्याच थेंबाला कळलं हुतं," ती म्हणाली. "लई कडू. काल तर थुकावंच वाटत हुतं."

"मग थुकला का न्हाई?"

साळूबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"रामहरी सात वर्सांनी आल्ता," ती म्हणाली. "त्याच्या हातचं कसं थुकू? समदीच आल्ती. येकेक जन नाव सांगून पाजत हुता. न्हाई कसं म्हनायचं मानसाला?" मग तिचा आवाज नेहमीसारखा धारदार झाला. "समद्यांनी पाजलं. तू तेवढी आली न्हाईस. मी दाराकडं बगत हुते. एकोनीस वर्सं माझ्या हातचं खाल्लंस, आन शेवटचं पानी पाजायला तुला भात लागत हुता व्हय?"

"मला पाजायचंच नव्हतं," ज्योती म्हणाली. "मी पाजलं असतं म्हंजी तुमी गेल्याच असता. मला तुमी पायजे हुता."

वॉर्डात कुणाचातरी स्टीलचा डबा पडला. सिस्टर आत आली, आकडा बघून गेली.

"आता पाज मग," साळूबाई म्हणाली. "घसा वाळलाय."

ज्योतीनं डोळे पुसले, पेल्यात पाणी ओतलं, एका हातानं तिची मान उचलली आणि पेला ओठांना लावला. साळूबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"आधी तू पी," ती म्हणाली.

ज्योतीनं तिच्यासमोर निम्मा पेला पिऊन दाखवला. साळूबाईनं जन्मात कधी पोटच्या पोराचंसुद्धा उष्टं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. तिनं पेल्याच्या कडेकडं बघितलं, ज्योतीकडं बघितलं, आणि तो पेला दोन्ही हातांनी धरून तळापर्यंत रिकामा केला.

"आजून दे," ती म्हणाली.